निष्ठा कोणत्या खात्यावर लिहायची?

हल्ली ज्याला त्याला आमचे कुटुंबीय व्हायचे आहे. फोन कंपनी म्हणते, आमच्या कुटुंबात आपले स्वागत असो. बँक वाढदिवसाच्या शुभेच्छा पाठविते. आमचे सख्खे मेव्हणे त्या दिवशी विसरतात, पण बँक विसरत नाही. पोरगा नोकरीला लागला की पहिल्या दिवशी त्याला टोपी, पेला आणि पाठपिशवी देऊन सांगतात, ही कंपनी नाही, हे एक कुटुंब आहे. आम्ही स्वतः एका कुटुंबात वाढलो आहोत. तिथे कुणी कुणाला तीन महिन्यांची नोटीस देत नव्हते.

वाचकहो, आम्ही बी. कॉम. झालेले कारकून. जन्म खातेवहीत गेला. त्यामुळे कुणी 'निष्ठा' हा शब्द काढला की आमच्या मनात पहिला प्रश्न येतो तो असा, की ही रक्कम लिहायची कुठे? जमेला की नावे? कोणत्याही कंपनीचा ताळेबंद उघडून बघा. टेबल, खुर्ची, पंखा, संगणक ही सगळी मंडळी मालमत्तेच्या बाजूला ऐटीत बसलेली दिसतील. दरवर्षी त्यांचा घसारा काढतात, म्हणजे त्यांच्या म्हातारपणाचीसुद्धा नोंद होते. आणि त्या खुर्चीवर बसणारा माणूस? तो ताळेबंदात नाही. तो नफा-तोटा पत्रकात, खर्चाच्या रकान्यात, वीजबिलाच्या आसपास सापडतो. कंपनीचे भाषण ऐकले तर माणूस ही सर्वात मोठी संपत्ती. कंपनीचा हिशेब वाचला तर माणूस हा खर्च. आम्ही कारकून असल्यामुळे भाषणापेक्षा हिशेबावर विश्वास ठेवतो.

हा कुटुंबाचा प्रकार आजचा नाही. अमेरिकेतील आय.बी.एम. ही संगणक क्षेत्रातली थोरली कंपनी. १९३० च्या दशकात तिच्या नोकरांसाठी गाण्यांचे छापील पुस्तक होते. कंपनीची आणि साहेबांची स्तुती करणारी गाणी सगळ्यांनी मिळून म्हणायची. आपल्याकडे आरती असते तसा प्रकार समजा. त्याच्या बदल्यात कंपनी माणसाला सहसा काढत नसे, ही तिची ख्याती होती आणि कित्येक दशके ती तिने पाळली, हेही मान्य केले पाहिजे. पण १९९३ साली धंदा बसला तेव्हा एका दमात हजारोंना घरी पाठविले. गाणी पाठ होती, ती उपयोगी पडली नाहीत.

त्यानंतर घरी पाठविण्याचे तंत्र सुधारत गेले. डिसेंबर २०२१ मध्ये अमेरिकेतल्या एका गृहकर्ज कंपनीच्या प्रमुखाने एकाच व्हिडिओ कॉलवर सुमारे ९०० जणांना नोकरी गेल्याचे सांगितले. जानेवारी २०२३ मध्ये गूगलने सुमारे १२,००० माणसे कमी केली. संगणक उघडेना, तेव्हा काहींना ही बातमी कळली. प्रमुखांनी पत्र लिहून जबाबदारी आपली असल्याचे सांगितले. जबाबदारी साहेबांची होती, नोकरी मात्र इतरांची गेली. आपल्याकडे फेब्रुवारी २०२५ मध्ये इन्फोसिसने म्हैसूरच्या केंद्रातून ३०० हून अधिक नवशिक्या मुलामुलींना घरी पाठविले. अंतर्गत परीक्षेत पास झाले नाहीत, असे कंपनीचे म्हणणे. पुण्यातील 'नाइट्स' ही आयटी कर्मचाऱ्यांची संघटना कामगार मंत्रालयाकडे गेली, म्हणून निदान चर्चा तरी झाली. पुढे जुलै २०२५ मध्ये टी.सी.एस.ने सुमारे १२,००० म्हणजे एकूण माणसांच्या दोन टक्के कमी करीत असल्याचे जाहीर केले. ज्या नावावर मुलीकडचे लोक डोळे झाकून सोयरीक पक्की करीत असत, त्या नावाची ही गोष्ट.

आम्ही कंपन्यांना शिव्या देण्यासाठी हे लिहीत नाही. धंदा आहे, कधी चालतो, कधी बसतो. आमची तक्रार एवढीच की, मग कुटुंब म्हणू नका. धंदा म्हणा, करार म्हणा, आम्ही समजून घेऊ. कुटुंबात मंदी आली म्हणून कुणी धाकट्या भावाला कमी करीत नाही. भाकरी अर्धी करतात.

गंमत अशी की, एकीकडे माणसे कमी करायची आणि दुसरीकडे उरलेल्यांना तास वाढवायला सांगायचे. ऑक्टोबर २०२३ मध्ये नारायण मूर्ती यांनी तरुणांना आठवड्याला ७० तास काम करण्याचा सल्ला दिला. जानेवारी २०२५ मध्ये एल. अँड टी. चे अध्यक्ष सुब्रह्मण्यन यांची बोली ९० तासांपर्यंत गेली. घरी बसून बायकोकडे किती वेळ बघत बसणार, अशा अर्थाचाही प्रश्न त्यांनी विचारला होता. ही बातमी आम्ही घरी मोठ्याने वाचून दाखविली. मंडळी भाकरी थापत होत्या. त्या म्हणाल्या, "अहो, त्या साहेबांना विचारा, बायको घरी बसून त्यांच्याकडे बघत असते की भांडी घासत असते?" आम्ही पेपर घडी करून ठेवला आणि गुपचूप पाणी भरायला गेलो.

तासांचा विषय निघाला म्हणून एक आठवण करून देणे भाग आहे. १९४२ ते १९४६ या काळात बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. त्यांच्या मजूर खात्याने आणलेल्या कारखाने कायद्याच्या दुरुस्तीने १९४६ साली बारमाही कारखान्यांतील आठवड्याचे काम ५४ तासांवरून ४८ तासांवर आले. आज जो कुणी आठ तासांनी पंच करून बाहेर पडतो, मग तो कोणत्याही जातीचा असो, कोणत्याही मजल्यावर बसणारा असो, त्याने घरी जाताना एकदा ही तारीख आठवावी. सप्टेंबर २०२५ मध्ये आपल्या राज्य मंत्रिमंडळाने कारखान्यांत रोजचे काम ९ वरून १२ तासांपर्यंत आणि दुकाने-कार्यालयांत ९ वरून १० तासांपर्यंत नेण्यास मंजुरी दिली. आठवड्याची ४८ तासांची मर्यादा कायम आहे, जादा कामाला जादा पैसे आहेत, असे सरकारने सांगितले. कागदावर तसेच आहे. पण बारा तास उभे राहिलेल्या माणसाला दिवा-वांगणीला पोचायला आणखी दोन तास लागतात, ते कोणत्याही कागदावर येत नाहीत.

१९३८ साली मुंबई विधिमंडळात औद्योगिक कलहाचे बिल आले होते. संपावर निर्बंध आणणारे. बाबासाहेबांनी त्याला कडाडून विरोध केला. त्यांचा मुद्दा थोडक्यात असा की, काम सोडणे हा फार तर कराराचा भंग होईल, तो गुन्हा नव्हे. आणि माणसाच्या इच्छेविरुद्ध त्याच्याकडून काम करवून घेणे ही गुलामीच. निष्ठा ही मागून, दटावून किंवा कायदा करून मिळत नाही, हे ऐंशीहून अधिक वर्षांपूर्वी सांगून झालेले आहे. आजचे मनुष्यबळ खाते तेच इंग्रजीत रंगीत चित्रे काढून शिकते, एवढाच फरक.

आता दुसरी बाजू बघू. नोकराकडून निष्ठा मागतात तशी गिऱ्हाइकाकडूनही मागतात. त्यासाठी कार्ड देतात, गुण देतात. आणि खरी सवलत मात्र नव्या गिऱ्हाइकाला! दहा वर्षे नियमाने बिल भरणाऱ्याला पूर्ण दर, आणि काल आलेल्याला पहिला महिना फुकट. नोकरीतही तेच. आठ वर्षे राबलेल्यापेक्षा परवा बाहेरून आलेल्याचा पगार जास्त. दोन्हीकडे निष्ठेला दंड आहे आणि उडी मारणाऱ्याला बक्षीस.

जुन्या काळी सगळे छान होते, असे म्हणणाऱ्यांतले आम्ही नाही. टेलिफोनसाठी अर्ज करून लोक वर्षानुवर्षे यादीत थांबत. तार तुटली की लाइनमनची मनधरणी करावी लागे. १९९५ साली मोबाइल आला तेव्हा मिनिटाला १६ रुपयांपर्यंत दर होता आणि आलेल्या फोनचेही पैसे पडत. आज गावाकडची आजी दुबईतल्या नातवाचा चेहरा बघते ती तंत्रज्ञानाच्या कृपेने. शिवाय पैसे देणारे यंत्र आडनाव विचारून मग नोटा मोजत नाही, याचे मोल आपल्या लोकांना सांगायला नको. यंत्राशी आमचे वैर नाही. यंत्राच्या मागे लपलेल्या माणसाशी आहे.

पूर्वी कचेरीत जाऊन कारकुनाशी भांडता येत असे. कारकून उर्मट असेल, चहाला गेलेला असेल, पण होता. आता भांडायलाच कुणी नाही. मध्यंतरी आमच्या घरचे इंटरनेट अकरा दिवस बंद होते. कंपनीचे नाव सांगत नाही, सगळ्या बहिणी-बहिणीच आहेत. फोन लावला की यंत्रातील बाई एक दाबा, दोन दाबा म्हणते. नऊ दाबले की पुन्हा पहिल्यापासून. चौथ्या दिवशी संदेश आला की आपली तक्रार सोडविण्यात आली आहे, कृपया तारे द्या. इंटरनेट बंद, तारे मात्र पाहिजेत! सहाव्या दिवशी एकदाचा खराखुरा माणूस भेटला. आवाजावरून मराठवाड्याकडचा वाटला. आम्ही आवाज चढविला. तो सुरुवातीला सर, सर म्हणत होता. मग हळूच म्हणाला, "काका, मी तरी काय करू? आमचा कॉल लांबला की टीम लीडर मागे येऊन उभा राहतो. माझा पण पगार तुमच्या ताऱ्यांवरच आहे."

आमचा आवाज आपोआप खाली आला. हा पोरगा कोण? आपल्याच वस्तीतला, आपल्याच गावचा, एखाद्या आईने धुणीभांडी करून शिकविलेला. कंपनीने त्याला आपल्या आणि स्वतःच्या मध्ये उभा केला आहे. आपले दगड त्याला लागतात, कंपनीला नाही. पुढे आम्ही रीतसर लेखी तक्रार केली, राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर नोंद केली, आणि पुढच्या बिलात बंद दिवसांचे पैसे वजा झाले. रक्कम अडीचशेच्या आतबाहेर. पण पोराला तारे मात्र आम्ही पाचच्या पाच दिले.

घरपोच खाणे आणणाऱ्या पोरांची गोष्ट याहून पुढची. त्यांना कंपन्या नोकर म्हणत नाहीत, 'पार्टनर' म्हणतात. बी. कॉम.च्या वर्गात आम्हाला १९३२ चा भागीदारी कायदा होता. भागीदारी म्हणजे धंद्याचा नफा वाटून घेण्याचा करार, ही त्यातली साधी व्याख्या. हे पार्टनर नफ्यात कुठे आहेत? पाऊस त्यांच्या वाट्याला, खड्डे त्यांच्या वाट्याला, पेट्रोल त्यांचे, गाडीचा हप्ता त्यांचा; नफ्याच्या वेळी मात्र ते भागीदार नाहीत. झोमॅटोने ऑगस्ट २०२३ मध्ये प्रत्येक ऑर्डरवर २ रुपये प्लॅटफॉर्म फी सुरू केली. सप्टेंबर २०२५ मध्ये ती १२ रुपयांवर गेली होती. प्लॅटफॉर्म म्हणजे फलाट. रेल्वेच्या फलाटावर निदान बाकडे तरी असते.

नीती आयोगाच्या २०२२ च्या अहवालानुसार २०२०-२१ मध्ये देशात अशी कामे करणारे सुमारे ७७ लाख लोक होते आणि २०२९-३० पर्यंत ते २ कोटी ३५ लाखांवर जातील. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार कामगार संहिता लागू झाल्या. त्यातील सामाजिक सुरक्षा संहितेत या लोकांचे नाव प्रथमच कायद्यात आले. कंपन्यांनी वार्षिक उलाढालीच्या १ ते २ टक्के रक्कम त्यांच्या सुरक्षेसाठी द्यायची, अशी तरतूद आहे. अर्थात या कामगारांना दिलेल्या रकमेच्या ५ टक्क्यांची कमाल मर्यादा ठेवून. नाव आले, हे चांगले झाले. पैसे हातात येईपर्यंत आम्ही जमेची नोंद पेन्सिलीनेच करू.

गिऱ्हाइकाला फसविण्याच्या युक्त्यांचीही सरकारने यादी केली आहे. ३० नोव्हेंबर २०२३ ला निघालेल्या मार्गदर्शक तत्त्वांत अशा १३ युक्त्या दिल्या आहेत. त्यातील काही सांगतो, म्हणजे घरातील मुलीबाळींना समजावून देता येईल. 'फक्त दोनच शिल्लक' असे सांगून घाई करायला लावणे. आपण न मागितलेला विमा किंवा देणगी गुपचूप टोपलीत टाकणे. सुरुवातीला कमी किंमत दाखवून पैसे भरताना एकेक आकार वाढवत नेणे. वर्गणी सुरू करायला एक बटन आणि बंद करायला भूलभुलैया. आणि नाही म्हणणाऱ्याला लाजविणे. म्हणजे 'नको, मला सुरक्षित राहायचे नाही' असे बटन आपल्याकडूनच दाबून घेणे. आमच्या गावचा सावकार अंगठा घेताना हेच करीत असे. फरक एवढाच की, त्याला संगणक येत नव्हता.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो, कारण वरचे सगळे कुणीही लिहील. आपल्या समाजाला 'निष्ठे'चा हिशेब इतरांपेक्षा जास्त जपून मांडावा लागतो. मुंबईच्या गिरण्या गिरणगावाला पोसत होत्या, हे खरे. पण त्याच गिरण्यांच्या विणकाम खात्यात, जिथे पगार चांगला होता, तिथे आपल्या लोकांना प्रवेश नव्हता. धोट्यात धागा ओवताना तोंडाने ओढावा लागे आणि आपला स्पर्श इतरांना चालत नसे. १९२८ च्या संपाच्या वेळी ही बंदी उठविण्याची मागणी संपाच्या मागण्यांत घ्यावी, असा आग्रह बाबासाहेबांना धरावा लागला. म्हणजे मालक आणि कामगार, दोघांचेही 'कुटुंब' होते आणि आपण दोन्हींच्या उंबऱ्याबाहेर होतो.

मग सरकारी नोकरी आली. टपाल, रेल्वे, टेलिफोन, बँक. राखीव जागांनी तिथला दरवाजा उघडला. आज ज्या घरांत पुस्तकांचे कपाट आहे, त्यातील कितीतरी घरे त्या पगारांवर उभी आहेत. तो दरवाजा आता अरुंद होत चालला आहे. बी.एस.एन.एल.च्या स्वेच्छानिवृत्ती योजनेत जानेवारी २०२० अखेर ७८ हजारांहून अधिक आणि एम.टी.एन.एल.मधून १४ हजारांहून अधिक माणसे बाहेर पडली. ज्या खासगी कंपन्यांनी त्यांची जागा घेतली, तिथे आरक्षण नाही. आपली पोरे तिथे गुणांवर शिरत आहेत, ही अभिमानाची गोष्ट आहे. पण शिरताना एक जुनी सवय बरोबर नेतात. ती म्हणजे उपकार झाल्याची भावना.

आमच्याकडे संध्याकाळी मुले अर्ज लिहून घ्यायला, सल्ला विचारायला येतात. एका मुलीला कंपनीने तीन महिने जादा काम करूनही त्याचे पैसे दिले नव्हते. आम्ही म्हटले, "बाळ, मागितलेस का?" ती म्हणाली, "काका, त्यांनी मला घेतले हेच खूप झाले. मागितले तर काय म्हणतील?" वाचकहो, आमच्या लेखी हे वाक्य सर्व ताळेबंदांतील सर्वात मोठा तोटा आहे. तिला कुणी घेतले नाही. तिने परीक्षा दिली, मुलाखत दिली, ती कामाची निघाली, म्हणून करार झाला. ती तिच्या दिवसाचे नऊ तास देते, ते पगार देतात. घेणाऱ्याच्या नावे, देणाऱ्याच्या जमा. यात उपकाराचे खाते उघडायचे कारणच नाही. पिढ्यान्पिढ्या आपल्याकडून काम घेतले आणि वर शिळे तुकडे टाकून उपकार केल्याचे सांगितले. ते खाते आपल्या बापजाद्यांनी १९५६ साली बंद केले आहे. पोरांनी ते वातानुकूलित कचेरीत बसून पुन्हा उघडू नये.

म्हणून काही साध्या गोष्टी. नेमणुकीचे पत्र घेतल्याशिवाय कामावर जाऊ नये. नव्या संहितेनुसार ते देणे बंधनकारक आहे. पगाराची चिठ्ठी दर महिन्याला घरच्या संगणकावर किंवा छापून ठेवावी, कंपनीच्या संगणकावर नव्हे. तो एखाद्या सकाळी उघडणार नाही. भविष्यनिर्वाह निधीचा यू.ए.एन. क्रमांक स्वतःला पाठ असावा आणि पैसे भरले जातात की नाही, हे स्वतः तपासावे. ठराविक मुदतीच्या नोकरीत असाल तर एका वर्षानंतरही ग्रॅच्युइटीचा हक्क येतो, हे लक्षात ठेवा. नोकरी सुटली तर राहिलेला पगार दोन कामाच्या दिवसांत द्यावा, असे वेतन संहिता म्हणते. कागदावर सही करायला सांगून 'आत्ताच करा' म्हणाले, तर 'घरी वाचून उद्या देतो' असे नम्रपणे सांगावे. आणि जिथे असाल तिथल्या संघटनेची वर्गणी भरावी. एकट्याची तक्रार कुरकुर ठरते, दहा जणांची निवेदन होते.

गिऱ्हाईक म्हणूनही तेच. पावती, तक्रार क्रमांक, तारीख, बोलणाऱ्याचे नाव वहीत लिहावे. जिल्हा ग्राहक आयोगात ५ लाखांपर्यंतच्या व्यवहारासाठी फी नाही, वकीलही सक्तीचा नाही. सेवा आवडली नाही तर फोनचा क्रमांक तोच ठेवून कंपनी बदलता येते. ही सोय २०११ पासून देशभर आहे. आपला क्रमांक आपल्याबरोबर येतो, तशी आपली विद्याही आपल्याबरोबर येते. म्हणून कंपनी जे शिकवील ते सगळे शिकून घ्यावे. शिकलेले काढून घेता येईल, असा संगणक अजून निघालेला नाही.

मग निष्ठा ठेवायचीच नाही का, असे कुणी विचारील. जरूर ठेवावी. कामावर ठेवावी, कारण वाईट काम करणाऱ्याला हक्क मागताना मान खाली घालावी लागते. शेजारच्या टेबलावरच्या माणसावर ठेवावी, कारण उद्या आपल्यासाठी सही तोच करणार आहे. पावसात भिजत दारात आलेल्या पोरावर ठेवावी. त्याला पाणी विचारावे आणि उशीर झाला म्हणून त्याचे तारे कापू नयेत. आणि आपल्यामागून येणाऱ्यावर ठेवावी. आपण आत गेल्यावर दरवाजा पायाने थोडा उघडा धरून ठेवणे, याला आम्ही निष्ठा म्हणतो.

कंपनीशी मात्र चोख व्यवहार ठेवावा. घेतल्या पगाराचे पुरते काम, केल्या कामाचा पुरता पगार. महिनाअखेर दोन्ही बाजू जुळल्या की खाली दुहेरी रेघ मारावी आणि वेळेवर घरी जावे.

जय भीम.